वर्गणीदार, श्रोता, ग्राहक : वर्ध्याच्या संदर्भात माध्यमांच्या श्रोतृवर्ग-विचाराचा इतिहास

प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावर जनसंज्ञापनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास दोन प्रकरणे हमखास अभ्यासावी लागतात. एक माध्यम-उद्योगांचे आणि दुसरे श्रोतृवर्गविषयक सिद्धांतांचे. पहिल्यात वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी या व्यवसायांची मालकी, जाहिरात आणि वितरण यांचा विचार असतो. दुसऱ्यात इंजेक्शन सिद्धांत, द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धांत, उपयोग व परितोष सिद्धांत, संकेतन-विसंकेतन सिद्धांत असा क्रम ठरलेला असतो. विद्यार्थी हा क्रम पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे जातो. उदाहरणे अमेरिकेतील ओहायो व इलिनॉय येथील अथवा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची असतात. वर्धा जिल्ह्यातील देवळी, आर्वी, समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांत आपले गाव कोठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकास प्रश्न विचारला होता, "सर, आमच्या गावात पेपर पानठेल्यावर एकच येतो आणि दहा जण वाचतात. मग वाचक एक धरायचा की दहा?" त्या वेळी खप आणि वाचकसंख्या यांतील फरक सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न साधा नव्हता. वाचक कोणी मोजायचा, कशासाठी मोजायचा आणि मोजून झाल्यावर त्याचे काय करायचे, हे तीनही प्रश्न त्यात दडलेले होते. श्रोतृवर्गविषयक सिद्धांतांचा सारा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांना वेगवेगळ्या काळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय.

प्रस्तुत निबंधात या उत्तरांचा मागोवा वर्ध्याच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न केला आहे. पाश्चात्त्य सिद्धांत नाकारणे हा त्याचा हेतू नाही. ज्या भूमीवर विद्यार्थी बसला आहे, तेथेही वाचक म्हणजे कोण या प्रश्नावर गंभीर विचार व प्रत्यक्ष प्रयोग झाले, तसेच मराठी मुलखातील खेड्यांत श्रोतृवर्गाचे शास्त्रशुद्ध संशोधनही झाले, हे निदर्शनास आणणे एवढाच हेतू आहे.

शब्दांचा प्रश्न :

इंग्रजीतील 'ऑडियन्स' या एका शब्दासाठी मराठीत एक शब्द नाही. वाचणारा तो वाचक, ऐकणारा तो श्रोता आणि पाहणारा तो प्रेक्षक. पाठ्यपुस्तकांनी 'श्रोतृवर्ग', 'प्रापक', 'अभिग्राहक' असे प्रतिशब्द योजून पाहिले. पण ते व्यवहारात रुळले नाहीत. ही मराठीची उणीव मानली जाते. वस्तुतः तिला भाषेचा विवेकही म्हणता येईल. वाचणे, ऐकणे व पाहणे या भिन्न क्रिया असून त्या करणाऱ्या माणसांचा एकच ढीग करता येत नाही, हे मराठीच्या शब्दसंपत्तीत गृहीत आहे.

याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे 'वर्गणीदार'. जुनी मराठी नियतकालिके आपल्या वाचकाला या नावाने संबोधीत. वर्गणी हा विक्रीचा शब्द नाही. गणेशोत्सवाची, ग्रंथालयाची, तालमीची वर्गणी असते. ती देणारा त्या कार्यात आपला वाटा उचलतो आणि म्हणूनच त्याचा हिशेबही मागतो. 'ग्राहक' हा शब्दही नियतकालिकांना अपरिचित नव्हता. परंतु त्याचा आजचा अर्थ बाजारातला आहे. वर्गणीदार, श्रोता आणि ग्राहक या तीन शब्दांतून माध्यमे व समाज यांच्या नात्याचे तीन टप्पे दिसतात. पुढील विवेचनाची मांडणी याच क्रमाने केली आहे.

वर्गणीदार : वर्धा व वृत्तपत्राचे अर्थकारण :

विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यास आले. १९२३ साली त्यांनी तेथून 'महाराष्ट्र धर्म' हे मराठी मासिक सुरू केले. झेंडा सत्याग्रहातील तुरुंगवासामुळे त्यात खंड पडला व पुढे ते साप्ताहिक झाले. मोठा खप किंवा जाहिरातीचे उत्पन्न हा त्याचा उद्देश नव्हता. विचार करू इच्छिणारा वाचक मिळावा, त्याची संख्या थोडी असली तरी चालेल, अशी त्यामागील धारणा होती. व्यवसायाच्या दृष्टीने पाहता असे नियतकालिक अल्पायुषी ठरणे स्वाभाविक होते आणि तसे ते ठरलेही. तथापि त्यातील लेखन पुढे ग्रंथरूपाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचत राहिले.

महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला गेले. १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. 'हरिजन' हे इंग्रजी साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून सुरू झाले होते; 'हरिजनसेवक' व 'हरिजनबंधु' ही त्याची हिंदी व गुजराती भावंडे होत. त्यांची छपाई वर्ध्याबाहेर होत असली, तरी १९३६ नंतरचे गांधीजींचे पुष्कळसे लेखन सेगाव-सेवाग्राम येथील कुटीत झाले. दिल्ली-मुंबईच्या राजकारणाला वळण देणारी साप्ताहिके पक्का रस्ताही नसलेल्या खेड्यातून लिहिली जात होती, ही माध्यमांच्या इतिहासातील असाधारण घटना आहे.

या पत्रांचे अर्थकारण विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. दक्षिण आफ्रिकेतील 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरंभी जाहिराती असत. अनुभवांती गांधीजींनी त्या बंद केल्या. 'यंग इंडिया' व 'नवजीवन' यांत तर त्यांनी प्रारंभापासूनच जाहिराती घेतल्या नाहीत. पत्र वर्गणीवर चालले पाहिजे. वर्गणीवर चालत नसेल तर त्याची लोकांना गरज नाही असे समजून ते बंद करावे, हा त्यांचा दंडक होता. आजच्या परिभाषेत सांगायचे तर वाचक हाच पत्राचा एकमेव आर्थिक आधार असावा, असे त्यांचे माध्यम-उद्योगाचे प्रतिमान होते. 'हिंद स्वराज' (१९०९) या पुस्तकाची रचनाच अधिपती आणि वाचक यांच्या संवादाची आहे. त्यातील वाचक शंका घेतो, अडवतो, रागावतोही. लोकांची भावना जाणणे, इष्ट भावना जागविणे आणि दोष निर्भयपणे दाखविणे ही वृत्तपत्राची तीन कामे त्या पुस्तकाच्या आरंभीच सांगितली आहेत. १९४० पासून 'हरिजन'मध्ये चाललेले प्रश्नोत्तरांचे सदर हा त्याच संवादाचा विस्तार होता.

मात्र या प्रतिमानाचे एकांगी गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. 'हरिजन'च्या पहिल्याच अंकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे संदेश मागण्यात आला. त्यांनी संदेश देण्यास नकार दिला आणि जातिव्यवस्था नष्ट झाल्याखेरीज अस्पृश्यता जाणार नाही, अशा आशयाचे निवेदन पाठविले. ते त्याच अंकात छापले गेले. ज्यांच्यासाठी म्हणून पत्र निघाले, त्यांच्या नेत्याने पहिल्याच दिवशी त्या पत्राच्या भूमिकेचे विरोधी वाचन केले. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली विरोधी विसंकेतनाची संकल्पना समजावून देण्यासाठी मराठी वर्गात यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

या प्रसंगामागे आणखी जुना अनुभव होता. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. दोन्ही पत्रे पैशाअभावी झगडली. जो वाचक सर्वाधिक गरजू, त्याच्याच खिशात वर्गणीचे पैसे नव्हते. वर्गणीवर चालेल तेच पत्र लोकांना हवे, हा दंडक अशा समाजाला लावला तर त्याला स्वतःचे पत्र कधीच मिळणार नाही. वर्गणीदाराचे प्रतिमान वाचकाला मान देते हे खरे. पण वर्गणी देऊ न शकणाऱ्याला ते दाराबाहेर ठेवते, हेही तितकेच खरे आहे. जाहिरातीवर चालणाऱ्या पत्राचा दोष सांगताना हा दुसरा दोष झाकून ठेवू नये.

१९४० : सेवाग्राम आणि ओहायो :

द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धांत विद्यार्थ्यांना १९४० च्या एका अभ्यासातून शिकविला जातो. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षीच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रे व रेडिओ मतदारांचे मन थेट वळवितात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात मतावर माणसांच्या परस्परांतील बोलण्याचा प्रभाव अधिक आढळला. माध्यमांतील विचार प्रथम समाजातील काही जाणत्या माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे जातो, असा निष्कर्ष १९४४ साली 'द पीपल्स चॉइस' या ग्रंथात मांडला गेला.

त्याच १९४० साली वर्ध्यात काय घडत होते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात या सिद्धांताशेजारी दिलेले नसते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. काही दिवसांतच त्यांना अटक झाली. सत्याग्रहाचे वृत्त छापण्यावर सरकारने निर्बंध घातले. तेव्हा गांधीजींनी 'हरिजन' व त्याची भावंडे स्थगित केली आणि प्रत्येकाने स्वतःच चालतेबोलते वृत्तपत्र बनून वार्ता तोंडोतोंडी पोहोचवावी, असे आवाहन केले. छापखान्याला टाळे ठोकता येते, बोलणाऱ्या माणसांच्या साखळीला ठोकता येत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध नाही. एक संशोधनाचा निष्कर्ष आहे, दुसरे राजकीय आवाहन. दोहोंतील फरकही लहान नाही. लाझार्सफेल्ड यांच्या मांडणीत बोलणारा माणूस माध्यमातील मजकूर पुढे नेणारा दुवा आहे. गांधीजींच्या आवाहनात माध्यम बंद पडल्यावर तो माणूसच माध्यम होतो. तथापि छापील शब्दाची खरी ताकद तो वाचून झाल्यानंतरच्या बोलण्यात असते, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे. पानठेल्यावर एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकून वाद घालतात, या दृश्याचे स्पष्टीकरण दोहोंतही मिळते. विद्यार्थ्याला ओहायोचा नकाशा दाखविण्यापूर्वी पवनारचा रस्ता दाखविला, तर सिद्धांत त्याला परका वाटणार नाही.

श्रोता : व्हिएन्ना ते पुणे :

लाझार्सफेल्ड मूळचे व्हिएन्नाचे. तेथे १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रेडिओ श्रोत्यांचे मोठे सर्वेक्षण केले होते. अमेरिकेत १९३७ पासून ते रेडिओ संशोधन प्रकल्पाचे प्रमुख झाले. थिओडोर अडोर्नो हे जर्मन विचारवंत १९३८ मध्ये त्या प्रकल्पात आले आणि दोघांचे पटले नाही. श्रोता काय ऐकतो, किती वेळ ऐकतो, त्याला काय आवडते हे मोजावे, असे एकाचे मत. आवड मुळात घडविली कोणी, हे विचारल्याशिवाय ती मोजण्यात अर्थ नाही, असे दुसऱ्याचे. प्रशासकीय संशोधन आणि चिकित्सक संशोधन असे या दोन परंपरांचे वर्णन खुद्द लाझार्सफेल्ड यांनीच १९४१ साली केले. 'संस्कृती-उद्योग' ही अडोर्नो व होर्कहायमर यांची संकल्पनाही याच दशकातील.

ही परंपरा मराठी मुलखात प्रत्यक्ष येऊन गेली, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास एम.फिल.साठी वाचन करीत असताना प्रथम समजली आणि तिचे आश्चर्य वाटले. पॉल न्यूराथ हे प्रसिद्ध तत्त्वज्ञ ओटो न्यूराथ यांचे चिरंजीव. तेही व्हिएन्नाचेच. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेस गेले व कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ म्हणून घडले. लाझार्सफेल्ड यांचे कार्यक्षेत्र हेच विद्यापीठ होते. पुढे न्यूराथ अभ्यागत प्राध्यापक म्हणून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आले. १९५६ च्या आरंभी आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण रेडिओ मंचाचा प्रयोग केला, तेव्हा त्याच्या मूल्यमापनाचे काम त्यांच्याकडे होते. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे या प्रयोगाचे पुरस्कर्ते होते.

तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे या प्रयोगासाठी निवडण्यात आली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. प्रत्येक गावातील वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि गावात काय करता येईल ते ठरवीत. चर्चेचा वृत्तान्त व शंका आकाशवाणीकडे पाठविल्या जात आणि पुढील प्रसारणात त्यांची दखल घेतली जाई. कॅनडातील शेतकरी रेडिओ मंचाचा नमुना यामागे होता. मूल्यमापनासाठी मंच असलेली वीस गावे आणि तुलनेसाठी मंच नसलेली वीस गावे घेण्यात आली. तुलनेच्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता.

मंच असलेल्या गावांत लोकांचे विषयज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. चर्चेत निरक्षर माणसेही बरोबरीने भाग घेत होती. म्हणजे यंत्र पुरेसे नव्हते. यंत्राभोवती बसलेली आणि एकमेकांशी बोलणारी माणसे निर्णायक ठरली. विकसनशील देशांतील श्रोतृवर्ग-संशोधनात हा अभ्यास आजही उल्लेखिला जातो आणि त्याचे श्रोते मराठी बोलणारे शेतकरी होते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु पाच जिल्ह्यांतील जिव्हाळा सरकारी विस्तारात टिकला नाही व हळूहळू मंच निष्प्राण झाले.

वर्धा जिल्हा या प्रयोगात नव्हता, कारण विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र मात्र १९४८ पासून कार्यरत होते. पत्रकारितेचे शिक्षणही या भागात लवकर आले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारिता विभाग सुरू झाला. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांचा त्यात पुढाकार होता. अशा रीतीने वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर पत्रविद्येचा अभ्यासक्रम अमेरिकन धर्तीवर आकारास येत होता, तर वर्ध्यालगत सेवाग्राम आणि पवनार येथे वाचकाविषयीचा अगदी निराळा विचार कागदपत्रांत पडून होता. दोहोंची गाठ अभ्यासक्रमात पडली नाही.

ग्राहक : १९६७ नंतरचा बदल :

श्रोत्याचा ग्राहक होण्याचा प्रारंभ महाराष्ट्रात कोणत्या दिवशी झाला, हे बऱ्याच अंशी नेमके सांगता येते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या आणि त्या प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून प्रसारित झाल्या. आकाशवाणीच्या जाहिराती ऐकणाऱ्या देशातील पहिल्या श्रोत्यांत अशा रीतीने नागपूर परिसराचा समावेश होता. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ मध्ये आल्या.

वृत्तपत्रसृष्टीतही याच काळात स्थित्यंतर झाले. यवतमाळला १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांच्या पुढाकाराने निघालेले 'लोकमत' हे नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी साप्ताहिकासाठी घेतले आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपूरहून त्याचे दैनिक झाले. मोठ्या खपाच्या दैनिकांनी जिल्हा वार्ता तालुक्यापर्यंत नेल्या, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु त्याबरोबर मोजणीचे शास्त्रही आले. प्रसारसंख्या तपासणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून विकलेल्या प्रती मोजत होती. १९७० मध्ये राष्ट्रीय वाचक सर्वेक्षण सुरू झाले. त्यात प्रतीऐवजी वाचक मोजले जाऊ लागले. वाचकाचे वय व उत्पन्न काय आणि तो कोणत्या वस्तू वापरतो, हीही नोंद त्यात महत्त्वाची ठरली.

कॅनडाचे अभ्यासक डॅलस स्माइद यांनी १९७७ साली याच व्यवहाराचे वर्मावर बोट ठेवणारे वर्णन केले. जाहिरातीवर चालणारे माध्यम बातम्या किंवा करमणूक विकत नसून श्रोतृवर्गच जाहिरातदाराला विकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या व्यवहारात ज्याची क्रयशक्ती नाही तो माणूस माल म्हणूनही उपयोगाचा नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकमापनात ग्रामीण भाग दीर्घकाळ वगळला गेला होता. बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षक मोजणीत घेतले. तोपर्यंत खेड्यात दूरचित्रवाणी पाहणारा माणूस उद्योगाच्या हिशेबी पाहतच नव्हता.

याचे परिणाम वर्धा जिल्ह्याने भोगले आहेत. १ जुलै २००६ रोजी केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांत वर्धा होता. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी एक विसंगती निदर्शनास आणली. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाच्या वृत्तांकनासाठी पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार हजर होते आणि तेथे कापसाच्या वस्त्रांचे प्रदर्शन चालू होते. तो कापूस पिकविणारे विदर्भातील शेतकरी आत्महत्या करीत असताना त्याचे वृत्त देण्यासाठी बाहेरून आलेले राष्ट्रीय पत्रकार मोजून सहा होते. स्थानिक मराठी पत्रांतून या बातम्या येत होत्या. राष्ट्रीय माध्यमांना त्या दिसत नव्हत्या, कारण त्यांच्या जाहिरातदाराला कापूस उत्पादक हवा नव्हता. पत्रकारांच्या सहृदयतेचा प्रश्न येथे दुय्यम आहे. श्रोतृवर्गाची व्याख्या कोण ठरवितो, हा मूळ प्रश्न आहे. सिद्धांताच्या एका व्याख्येवर माणसाच्या मृत्यूची बातमी होणे अथवा न होणे अवलंबून असते, हे विद्यार्थ्याने या उदाहरणावरून ओळखावे.

तथापि ग्राहक म्हणून धरलेला माणूस निमूटपणे ग्राहक होतोच असे नाही. बियाण्याची जाहिरात ऐकणारा शेतकरी ती जशीच्या तशी स्वीकारू शकतो. 'वाण चांगला असेल, पण तो ओलिताच्या शेताला. आपली कोरडवाहू' असे म्हणून तो तिच्याशी तडजोडही करतो. 'गेल्या वर्षीही असेच सांगितले होते' म्हणून ती उडवूनही लावतो. हॉल यांनी सांगितलेल्या तीन वाचन-भूमिका हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाडीशेजारी उभे राहिले असता एका दुपारी ऐकू येतील. सिद्धांत परदेशातील असला तरी तो पडताळण्याचे क्षेत्र येथेच आहे.

विद्यार्थी आणि समवाय :

वर्ध्यानेच देशाला शिक्षणाची एक पद्धती दिली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि त्यानंतरच्या डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नयी तालीम आकारास आली. हस्तोद्योग, निसर्ग आणि भोवतालचे समाजजीवन यांच्याशी जोडून विषय शिकवावा, हे तिचे सूत्र. त्यालाच समवाय म्हणतात. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल आणि अर्थशास्त्र शिकता येते, ही कल्पना माध्यमशिक्षणालाही लागू करता येईल.

माध्यमांचा अभ्यास समवायाने करावयाचा म्हणजे काय? विद्यार्थ्याने आपल्या गावातील एक पानठेला किंवा केशकर्तनालय निवडावे. तेथे येणारे वृत्तपत्र कोणाच्या पैशाने येते, ते प्रथम कोण वाचतो, मोठ्याने कोण वाचतो, स्त्रिया त्या वाचनात कोठे असतात, कोणत्या वस्तीतील माणसे तेथे बसत नाहीत, कोणती बातमी घरापर्यंत जाते आणि जाताना तिचे रूप कसे बदलते, याची महिनाभर नोंदवही ठेवावी. त्याच वृत्तपत्राच्या एका अंकातील बातमी व जाहिरात यांची जागा पट्टीने मोजावी. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पुढे पाठविणारा चुलतभाऊ हाही आता या साखळीत आहे. त्याचीही नोंद घ्यावी. त्यानंतर लाझार्सफेल्ड, स्माइद आणि हॉल वाचावेत. तेव्हा हे सिद्धांत पाठ करावयाच्या व्याख्या न राहता हाती आलेल्या सामग्रीचा अर्थ लावण्याची साधने होतील. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या हिंदी विश्वविद्यालयामुळे जनसंचाराचे उच्च शिक्षण वर्धा शहरातच उपलब्ध आहे. सेवाग्राम आणि पवनार हाकेच्या अंतरावर आहेत. साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती अभ्यासक्रमात या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवण्याची.

निष्कर्ष :

१. श्रोतृवर्गविषयक सिद्धांत हे निरपेक्ष सत्य नसून विशिष्ट काळी विशिष्ट हेतूने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. प्रश्न कोणाचा, हे पाहिल्याशिवाय उत्तराचे मोल कळत नाही.

२. वर्गणीदार, श्रोता व ग्राहक ही वाचकाची तीन रूपे एकामागून एक प्रभावी झाली. परंतु नव्याने जुने पूर्णतः पुसले नाही. आजही एकच माणूस सकाळी वर्गणीदार, दुपारी श्रोता आणि रात्री ग्राहक असू शकतो.

३. वर्ध्यातील जाहिरातविरहित पत्रकारितेचे प्रतिमान आदरणीय असले तरी परिपूर्ण नव्हते. डॉ. आंबेडकरांच्या पत्रांचा अनुभव त्याची मर्यादा स्पष्ट करतो. दोन्ही परंपरा एकत्र अभ्यासणे आवश्यक आहे.

४. १९५६ च्या पुणे येथील प्रयोगाने दाखविले की माध्यमाचा परिणाम श्रोत्यांच्या परस्पर-संवादावर अवलंबून असतो. मराठी अभ्यासक्रमात या प्रयोगास केंद्रस्थान मिळाले पाहिजे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. पानठेल्यावर एक पेपर आणि दहा वाचक. प्रसारसंख्या मोजणारा म्हणेल, एक. वाचक सर्वेक्षण करणारा म्हणेल, दहा. आणि लगेच त्या दहांपैकी मोटारसायकल कोणाकडे आहे हे विचारील. न्यूराथ विचारतील, वाचून झाल्यावर ते दहा जण आपसांत काय बोलले? गांधीजींच्या दृष्टीने ते दहा चालती वृत्तपत्रे आहेत. डॉ. आंबेडकर विचारतील, त्या पानठेल्यावर बसण्याची मुभा कोणाकोणाला आहे? विद्यार्थिनीला यांपैकी एकच उत्तर देऊन गप्प बसविण्यापेक्षा हे सर्व प्रश्न तिच्या वहीत उतरवून तिला गावी पाठविणे, हे अध्यापकाचे काम आहे. ते त्या दिवशी प्रस्तुत लेखकाकडून झाले नाही. हा निबंध म्हणजे त्या राहिलेल्या कामाचा आरंभ समजावा.